माजघरातली जागा

६ एप्रिल, किन्हीराजा

आज माझ्या घरात राहायला आले. "माझ्या घरात" हे लिहून दोनदा वाचलं. परवापर्यंत मानोऱ्यात दुसऱ्याच्या दुकानात ब्लाऊजांना हुक लावत होते. आता चार खोल्या आणि अकरा एकर संत्र्याची बाग.

देणारे नानाजी मी कधी पाहिलेसुद्धा नाहीत. माघात वारले. मृत्युपत्रात लिहून गेले की, लिलाबाईशी लग्न करायचं होतं, जातीपायी घरच्यांनी होऊ दिलं नाही, म्हणून सगळं तिच्या रक्ताच्या माणसाला. लिलाबाई माझ्या आजीची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर त्या रक्ताची मीच उरले. बहात्तरच्या दुष्काळात लिलाबाई कुणाचा तरी हात धरून सुरतेला गेली, असं आमच्याकडे सांगायचे. तिचं नाव निघालं की आजी उठून जायची.

जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलंय, माजघराची सारवलेली जमीन मात्र तशीच ठेवलीय. तिथं छान गारवा आहे. भिंतीवर तथागतांची तसबीर लावली, खाली शिलाई मशीन मांडली. मग बागेत फिरले. आंबिया बहाराची फळं सुपारीएवढी झालीत. एकानं विचारलं, कोणाची पोरगी? म्हटलं, बागेची मालकीण.

८ एप्रिल

शेजारच्या भुरीबाई भाकरी घेऊन आल्या. वय साठीच्या पुढचं. उंबऱ्याच्या आत मात्र आल्या नाहीत. मशीन तिथून हलव म्हणाल्या. नानाजींची बायको गोजराबाई आयुष्यभर त्याच जागी बसायची. जेवण तिथं, झोप तिथं, नऊ वर्षांपूर्वी मेलीही तिथंच. फरशी बसवायला तिनं ती जमीन कुणाला उकरू दिली नाही.

नानाजी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. रोज संध्याकाळी थांब्यावर जायचे, मानोऱ्याची एसटी रिकामी होईपर्यंत उभे राहायचे आणि परत यायचे. मशीन काही हलवली नाही.

१० एप्रिल

भर दुपारी शिवत बसले होते. तसबीर आपोआप भिंतीकडे तोंड करून फिरली. सरळ केली. पुन्हा फिरली. पुन्हा सरळ केली. मग कुणीतरी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलं. दिसलं कोणी नाही. कानाशी म्हातारा, कोरडा आवाज आला, "ऊठ. थे माही जागा होय."

मी उठले नाही. मोठ्यानं सांगितलं, सातबाऱ्यावर नाव माझं आहे.

घोट्यावर पाच बोटं उमटलीत. काळीनिळी.

१२ एप्रिल

जमिनीखालून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. मी तळवा टेकवला की थांबतो.

भुरीबाईंना सांगितलं तर त्या अंगणातच बसल्या आणि रडायला लागल्या. त्या जागेखाली धान्याचं जुनं पेव आहे.

"मी तवा दहा वर्साची होती," म्हणाल्या. "लिला याच घरी कामाले ये, हातात हिरव्या बांगड्या. गोजराबाईनं तिले जवारी काढाले पेवात उतरवलं अन् वरून झाकण टाकलं. मले माती कालवाले लावली. लिला आतून ठोकून राह्यली होती, बाई."

नानाजी बाजाराला गेले होते. परतल्यावर त्यांना सुरतेचं सांगितलं. मरताना गोजराबाईनं कबूल केलं, तरी त्यांची उकरायची छाती झाली नाही. अकरा एकर दिले, कुदळ मारली नाही.

भुरीबाई म्हणाल्या, विकून टाक अन् निघून जा. मी त्यांच्याकडे कुदळ मागितली.

१३ एप्रिल

सकाळपासून खणतेय. हातभर झालं. दांडा मोडला, आपोआप. दुसरा बसवला.

मागून वेणी धरून ओढलं. डोकं भिंतीवर आपटलं. कात्रीनं वेणी कापली — तिच्या हातात राहिली. पुन्हा खणायला बसले.

ठोकणं आता जवळून येतंय.

१४ एप्रिल, दुपार

बाहेर जयंतीची मिरवणूक. भुरीबाई स्वतःहून पोलिसांना सांगायला गेल्यात. त्यांना यायला वेळ — मला थांबवेना. झाकणाचा दगड लागला. सब्बल घालून सरकवला. कंदील दोरीनं खाली सोडला. विझला नाही. पण तळ दिसत नाही.

खालून विचारलं, कोण होय?

मी सांगितलं, तुझ्या बहिणीची नात. हात दे.

पाठीवर कुणीतरी चढून बसलंय — ऊठ, ऊठ म्हणतंय — मी उठणार नाही. घर माझं, जमीन माझी, खाली आहे तीही माझीच

हात वर आलाय. हिरव्या बांगड्या. धरला. उजव्यानं लिहितेय, डाव्यात तिचा — गार नाही, घट्ट आहे — फार घट्ट — ती वर येत नाहीये, मी खाली — नाही — सोडणार नाही, मीच तिला वर