अरै म्हणजे अर्धी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या खोकल्याचा आवाज आता मला नीट आठवत नाही, पण पुडी बांधतानाची तुमची बोटं आठवतात. आज सकाळी डॉक्टरांनी मला ती गोळी पुन्हा सुरू केली. घाबरण्यासारखं काही नाही. मन परत खाली बसायला लागलं होतं आणि या वेळी मी वेळेत गेले, इतकंच. औषधाच्या काउंटरवरच्या बाईंना मीच विचारलं, "अरै दाने?" त्या म्हणाल्या, "आमा, अरै. ओरु वारम." हो, अर्धीच, एक आठवडा. एवढं तमिळ आता मला येतं. पाकीट पर्समध्ये टाकलं आणि बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले, कारण तो शब्द ऐकला की मला तुम्ही दिसता.

तुम्ही चेन्नईला आलात तेव्हा मी आठवडाभर अंथरुणातच होते. आई वहिनीच्या बाळंतपणात अडकलेली, म्हणून तुम्ही आलात. तालुक्याच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर असलेले तुम्ही, एका पिशवीत पायजमे-सदरे आणि दुसरीत शेंगदाण्याची चटणी. पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटखाली पाण्याची लॉरी आली की तुम्हीच बादल्या घेऊन उतरायचात. रस्त्यात कुणी रिक्षावाल्याला "अण्णा!" म्हणून हाक मारली की तुम्ही वळून बघायचात. "या गावात सगळी माझीच पोरं दिसतात," तुम्ही म्हणालात आणि महिनाभरात पहिल्यांदा मला हसू फुटलं. मला झालंय काय, हे मात्र तुम्ही खोदून विचारलं नाहीत. छातीत सतत धडधड, कंपनीची बस दिसली तरी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा, आंघोळ करायची म्हणजे डोंगर चढायचा. तुम्ही एवढंच म्हणालात, "तापाला औषध असतं तसं यालाही असेल. चल." तुमच्या वयाच्या, आपल्या गावातल्या माणसाने हे म्हणणं तेव्हा किती अवघड होतं, हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांनी मला एकटीलाच आत घेतलं. बाहेर आले तेव्हा तुम्ही हातात टोपी धरून उभेच होतात. "काय म्हणाले?" मी म्हणाले, "गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. मधेच आपल्या मनाने बंद करायची नाही. जास्त अस्वस्थ वाटलं तर लगेच यायचं. बाकी काउंटरवर विचारा." फाइल आतूनच काउंटरवर गेली होती. तुम्ही काउंटरवर गेलात. आतल्या माणसाने पाकिटावर तमिळमध्ये काहीतरी खरडलं आणि गर्दीतून ओरडून सांगितलं, "अरै मात्तिरै, अय्या! अरै, अरै!" तुम्ही आलात ते फणकारत. "चाळीस वर्षं काउंटरच्या आत उभा राहिलो, भिकाऱ्यालाही कधी अरे म्हटलं नाही. हा मला तीनदा अरे म्हणतो!" मी तुमच्या हातातून पाकीट घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात आणि मी एक अख्खी गोळी गिळली.

तिसऱ्या दिवसापासून अंगात काहीतरी शिरलं. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. पाय आपोआप चालत, स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात. तुम्ही भात टाकताय आणि मी तुमच्या पाठीमागून फेऱ्या मारतेय. तुम्ही सुरी उचलून वरच्या फळीवर ठेवता, ते मला दिसतं. मला तुमचा रागही येतो आणि बरंही वाटतं. पाचव्या दिवशी दुपारी मी वाळत घातलेले कपडे आणते म्हणून गच्चीवर गेले आणि कठड्याशी किती वेळ उभी होते ते मला माहीत नाही. मरायचं होतं असं नाही, अण्णा. अंगातलं ते थांबायला हवं होतं, आणि ते थांबवायचा दुसरा रस्ता त्या घटकेला मला दिसत नव्हता. मागून तुमचा आवाज आला, अगदी साधा. "माझा सदरा वाळला का गं?" मी वळले. तुमचा सदरा तुमच्या अंगावर होता, आणि तुम्ही चार मजले अनवाणी चढून आला होतात. तुम्ही माझं मनगट धरलंत ते थेट डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंत सोडलं नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती घेताय?" मी म्हणाले, एक. ते म्हणाले, "पहिला आठवडा अर्धी होती. सुरुवातीलाच अख्खी घेतली तर काही जणांना हा त्रास फार होतो." मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. मोडक्या हिंदीत सांगितलंत, काउंटरवरचा माणूस अरे अरे म्हणत होता, अर्धी कुणीच म्हणालं नाही. डॉक्टर हसले. "सर, आमच्याकडे अरै म्हणजे अर्धी." तुमचा चेहरा असा उतरला की मी तो कधीही विसरणार नाही. "चूक माझी," तुम्ही म्हणालात. "माझ्या कानांची." डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग कागदावर लिहायला लागले.

त्या दिवसापासून तुम्ही मला सांभाळलंत तसं कुणी तान्ह्या बाळालाही सांभाळणार नाही. ही गोळी अर्धी केली तर चालते ना, हे डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलंत. ब्लेडने अर्धुकं करून रोजची एक पुडी बांधायचात आणि दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर चिकटवायचात तशी खाचा पाडलेली कागदाची पट्टी फ्रीजवर लावलीत. एक गोळी घेतली की एक खाच फाडायची. हळूहळू मी स्थिरावले, अर्धीची अख्खी झाली, सहाव्या आठवड्यात मी ऑफिसच्या बसमध्ये चढले. मला बरं वाटायला लागल्यावर तुम्ही निघताना बजावलंत, "आता बरी झाले म्हणून बंद करशील तर याद राख." मी बंद केली नाही. दीड वर्षाने डॉक्टरांनीच थोडी थोडी कमी करत सोडवली.

पण तुम्ही गावी गेलात ते परत दवाखान्यात उभे राहिला नाहीत. तिथले डॉक्टरकाका घरी बोलवायला आले तर म्हणालात, "कान विश्वासाचे राहिले नाहीत. पोरीच्याच डोसाला चुकलो." आईने हे मला फोनवर सांगितलं. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. मी गणपतीला आले, दिवाळीला आले, तुमच्याशेजारी बसून जेवले.

लहानपणी शाळेची सहल चुकू नये म्हणून मी तापात बाटलीवरच्या दोन खाचांचं औषध एकदम प्यायले होते, आठवतं? तुम्ही कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारलात. "औषधाला घाई चालत नाही, गाढवे." मी ऐकलं नाही, अण्णा. चेन्नईतही नाही. सोमवारपर्यंत कामावर आली नाहीस तर प्रोजेक्ट दुसऱ्याला देतो, असं मॅनेजरने कळवलं होतं, आणि अर्ध्या गोळीने अर्धीच बरी होईन असं माझं गणित होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला आत बसवून बोटाने गोळीच्या मधोमध रेघ दाखवून सांगितलं होतं. अर्धी. तुम्ही काउंटरवर जायच्या आधीच मला माहीत होतं.

तुमचे कान चांगले होते.