मागच्या खोलीसह घर, आकांक्षाच्या नावे

मी, शकुन नत्थुजी निचत, राहणार साईनगर, अमरावती, अकोल्याच्या शाळेतून निवृत्त झालेली जीवशास्त्राची शिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझे दीर केशवराव गावभर सांगत फिरतात की वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला, ती मेलेल्या पोराशी बोलते. बोलते. लपवायचे काय त्यात?

माझा मुलगा स्वप्निल बाळापूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून दिवेलागणीला मागच्या खोलीतून त्याचा शाळकरी आवाज येतो, सजीवांचे वर्गीकरण घोकणारा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, जाती. जातीच्या आधीची प्रजाती गाळतो, लहानपणी गाळायचा तशीच. मी स्वयंपाकघरातून दुरुस्त करते. एवढ्याने माणूस वेडा ठरत असेल तर निम्म्या वऱ्हाडाची मृत्युपत्रे रद्द करावी लागतील.

राहते घर मी स्वप्निलची मुलगी आकांक्षा हिला देते. ते माझ्या पगारातून बांधले आहे, वडिलोपार्जित नाही. तरी केशवराव हरकत घेतील. सून दीपमाला बौद्ध, म्हणून तिची लेक आपल्या कुळातली नाही, हे त्यांचे पालुपद. लग्नाच्या पंगतीत त्यांनी जात काढली तेव्हा स्वप्निल म्हणाला होता, "काका, ज्यांची लेकरं पुढं लेकरं जन्माले घालू शकतात, ते एका जातीतले. आईनं आठवीत शिकवलं मले." केशवराव ताट ढकलून उठले, ते आजवर आमच्याकडे जेवले नाहीत. म्हणून कुळाचे देव, टाकांसकट, त्यांनाच द्यावेत. वर्गीकरणाचा भिंतीवरचा तक्ताही द्यावा. त्यात सगळ्यात खाली माणसाची जात लिहिली आहे. एकच आहे. चष्मा लावून वाचावी.

दीपमाला अकोल्यात रक्त तपासण्याचे काम करते, माझा सूक्ष्मदर्शक तिला.

या दिवाळीत आकांक्षा त्या खोलीत बराच वेळ बसली. बाहेर येऊन म्हणाली, "मले तं काहीच ऐकू येत नाही, आजी." बाप गेला तेव्हा पोरगी पहिलीत होती, तिला त्याचा आवाज आठवतही नाही. आता नागपूरचे कॉलेज सोडून इथेच राहते म्हणते, कधीतरी ऐकू येईल म्हणून. मला रडू आवरले नाही. पण माझ्या मागे ही पोर त्या दाराला कान लावून बसलेली मला नको.

म्हणून अट एकच. माझ्यानंतर आकांक्षाने हे घर विकावे आणि शिकावे.

माझ्या सासूबाई सांगत, दिवेलागणीला कोणी नाव घेऊन बोलावले तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मी दिली, आणि मग मला या घरातून हलता आले नाही. आकांक्षा, सामान काढशील तेव्हा मागच्या खोलीतून तुला हाक येईल. आवाज माझा असेल. ओ देऊ नकोस, बाई. कुलूप लाव आणि जा.

सही: शकुन नत्थुजी निचत

आमच्या समक्ष वाचून सही केली:
१. बंडू काशीराव भोंडे
२. जयवंता देवमन गवई

अमरावती, १४ नोव्हेंबर २०२५