जोडलेले पलंग

प्रिय ताई,

आम्ही दोघं मजेत आहोत, काळजी करू नकोस. समुद्रातल्या मोठ्या जहाजावर आमच्यासारखी जोडपी पुष्कळ असतात, म्हणून मास्तरला तिकडे जायचं होतं. नदीचा हट्ट मीच धरला. इथे काठ सतत दिसतो आणि वाटलं तर उतरता येतं.

बोटीवर जेमतेम साठ माणसं आहेत, सगळी गोड बोलतात. फक्त एक विचित्र प्रकार चाललाय. आम्ही खोलीतले दोन सुटे पलंग जोडून फिरायला जातो आणि परत येतो, तर ते एकमेकांपासून लांब सरकलेले असतात. शेवटी खोली आवरणाऱ्या बाईंना विचारलं. त्या ओशाळल्या. "अहो, मी रोज जोडूनच जाते. मला वाटलं, तुमचंच भांडण झालंय."

आज मास्तरने पलंगांचे पाय माझ्या मफलरने करकचून बांधले आणि खोलीला कुलूप लावलं. जेवून आलो, तर पलंग लांब आणि मफलर घडी घालून माझ्या उशीवर.

"उद्या धक्का आला की उतरू," मास्तर हळूच म्हणाला.

आईचे गुडघे कसे आहेत? ती अजून मास्तरला माझा भाडेकरूच म्हणते का? तिला यातलं काही सांगू नकोस.

आत्ता आम्ही दोघं एकाच पलंगावर टेकून बसलोय. समोरची गादी हळूहळू दबतेय, कोणी बसावं तशी.

तुझा,
धाकटा