दोहुनचं नाव लाल करू नका

जेचॉन,
११ ऑक्टोबर

भावोजी,

गुडघा दुखायचा थांबला असेल, तब्येत बरी असेल असं धरून लिहिते. इकडे थंडी पडायला लागली. दुकान चालू आहे, पण किमचीच्या कोबीचे भाव ऐकाल तर चक्कर येईल. वहिनीचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

परवा तुमच्या लष्करी कॉलेजात जाऊन आले. तिथल्या संग्रहालयात नवं दालन उघडलंय, घरच्यांना बोलावणं होतं. छान केलंय हो. जुन्या बंदुका, फाटके बूट, पहिल्या तुकडीचे फोटो. दाखवायला एक कॅडेट मुलगी होती, चुणचुणीत. दोहुनच्याच वर्गातली निघाली. मी कोण ते कळल्यावर तिनं टोपी काढून हातात घेतली. जुलैत सरावाच्या वेळी माझा दोहुन नदीत वाहून गेला, तेव्हा ती काठावर होती म्हणे. शोध कधीच थांबवलाय त्यांनी. काही म्हणता काही सापडलेलं नाही.

शेवटच्या भिंतीवर सगळ्या तुकड्यांची नावं आहेत. हयात असलेल्यांची काळ्या अक्षरांत, गेलेल्यांची लाल. दोहुनचं लाल आहे.

भावोजी, आपल्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल लिहिणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं; शाळेतल्या पोरानं गमतीत जरी मित्राचं नाव लाल पेननं लिहिलं, तरी आई हातावर फटका देते. आणि माझ्या पोराचं नाव त्यांनी भिंतीवर लाल करून ठेवलं!

मी पर्समधली भुवयांची पेन्सिल काढली आणि नाव काळं करायला लागले.

"काकू, नका ना! काकू!" ती पोर रडायलाच लागली. मागून एक बाई म्हणाली, "हिला आत सोडलं कुणी?"

मी वळले. म्हटलं, "तुझ्या मुलाचं नाव काय गं? सांग की. लिपस्टिक आहे माझ्याकडे, लिहून देते." बाई दोन पावलं मागे सरली.

मग एक अधिकारी आला. बोलायला नम्र होता. म्हणाला, "आम्ही मनानं नाही केलं, बाई. दोहुनच्या काकांना विचारलं होतं. कर्नलसाहेब म्हणाले, घरच्यांनी मान्य केलंय."

कुठल्या घरच्यांनी हो? घर म्हणजे मी एकटी. तुमचे भाऊ गेले त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, वहिनी, दोहुनचं काहीही असलं तरी आधी तुम्हाला विचारीन. कुठं गेला तो शब्द?

तुमचंही नाव त्याच भिंतीवर आहे, तुमच्या तुकडीत. काळं कुळकुळीत. लिपस्टिक हातात होती. खोटं कशाला बोलू, हात तिथपर्यंत गेला होता. पण त्याला सायकल तुम्ही शिकवलीत, मागे धावून धावून. नाही झालं माझ्याच्यानं.

पुढच्या सोमवारी रंगारी येणार आहे. नाव परत लाल करणार.

मला वेडी समजू नका. ती नदी मी पाहिलीय. शोध चालू होता तेव्हा काठावर उभी होते ना मी, पाण्यातून आख्खी झाडं चालली होती. कळतं मला. सगळं कळतं. पण कळणं वेगळं आणि आईनं हो म्हणणं वेगळं. माझ्या तोंडून तो शब्द अजून निघालेला नाही, आणि तुम्ही परस्पर फोनवर सांगून मोकळे झालात. जीव तुटतो हो.

पाया पडते, कॉलेजात एक फोन करा. जास्त काही बोलू नका. वहिनी अजून हो म्हणालेली नाही, एवढंच सांगा. तुमचं ते ऐकतील, माझं कोण ऐकतंय? त्याला आणून माझ्यापुढे ठेवू देत. मग रंगारी कशाला हवा, मी स्वतः येईन आणि माझ्या हातानं लाल करीन. तोवर नाही.

तुमची वहिनी,
आणि निदान पुढच्या सोमवारपर्यंत,
दोहुनची आई