पलंगावरचा त्रखाना

पेत्रोव्रीसी, २ जुलै

चि. दनाईस, आजी पोलिक्सेनीचे डोंगराएवढे आशीर्वाद.

तुझं पत्र बसवाल्याने आणून दिलं. सोबतचं लोखंडी डबडंही मिळालं, आकडे फिरवून आतली किल्ली काढायचं. फारच सुंदर. मी ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. आता कोल्ह्याला आकडे पाठ करावे लागतील. घराची किल्ली चाळीस वर्षं जिथे असते तिथेच आहे.

वरचं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं, हे मला मनापासून आवडलं बरं का. पाच उन्हाळे त्या खिडकीत दिवा लागलेला नाही. तुझ्या आजोबांनी एकेक दगड खेचरावर लादून आणला, तो काय उंदरांनी सुट्टीला यावं म्हणून? तुझे बाबा अथेन्सला फार कामात असतात, मला कळतं. समुद्रावर उताणं पडून राहायचं म्हणजे काय थोडं काम आहे?

तुझा नियमांचा कागद मी शेजारच्या वायाकडून दोनदा वाचून घेतला. पाहुण्यांच्या खासगीपणाचा मान राखावा, म्हणजे काय गं, विचारलं. ती म्हणाली, दार वाजवल्याशिवाय आत जायचं नाही. मी स्वतः सारवलेल्या घराचं दार मी वाजवायचं! वाजवीन हो. आत शिरल्यावर वाजवीन. वाया असंही म्हणाली की इथली माणसं इथून निघून जायला पैसे मोजतात, यायला कोण मोजणार? तिचं तोंड तुला ठाऊकच आहे.

खोकला कसा आहे? डोंगरी चहाची जुडी पाठवतेय. तो उकळून पी, फुलदाणीत ठेवू नकोस, मागच्यासारखा.

लोभ आहे तेवढा पुरे, पण येत-जात राहू दे.
तुझी आजी


अथेन्स, १२ जुलै

ती. आजीस, दनाईचा शि. सा. न. वि. वि.

आधी खुराड्याचं कुलूप काढ. पाहुणे मिळाले! हॉलंडचं एक जोडपं, बावीस तारखेला दुपारी तीनला येतंय, पाच दिवसांसाठी.

आता एक गोष्ट, तुझ्यापासून लपवत नाही. लारिसाच्या एका दातांच्या डॉक्टरांनी बाबांकडे घर विकत मागितलंय. बाबा म्हणाले की पाहुण्यांनी पाचपैकी निदान चार तारे दिले तर घर ठेवू, नाहीतर सप्टेंबरात सही करून मोकळे होऊ. घर त्यांच्या नावावर आहे, त्यांच्या लग्नात तूच करून दिलंस. मी भांडले, पण तू त्यांना ओळखतेस.

तेव्हा हात जोडते. पलंगावर स्वच्छ चादरी, टेबलावर फुलं, आणि तू खाली तुझ्या घरात. बाकी काही करू नकोस. खरंच काही करू नकोस.

प्रेम आहेच, ते असंच राहू दे.
तुझी दनाई


पेत्रोव्रीसी, २८ जुलै

चि. दनाईस आशीर्वाद. बसून वाच.

दातांचा डॉक्टर इथे येऊन काय करणार? साऱ्या गावात मिळून दात अकरा, त्यांतले चार माझे. पण असू दे, शिकलेला माणूस आहे, कवळ्या तरी मोजेल.

तर झालं असं. वायाच्या शेळ्यांचं दूध नेमकं त्याच आठवड्यात आंबलं. आंबलेलं दूध हॉलंडवाल्यांसाठी थांबत नाही. गव्हाचा रवा घालून शिजवलं, चुरलं, आणि त्रखाना वरच्या घरात तिन्ही पलंगांवर वाळत घातला. दुसरीकडे कुठे घालणार? माझ्या खालच्या खोलीत ओल. वर वारा खेळतो, ऊन थेट येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्रखाना तिथेच वाळतो. आणि तू चादरी स्वच्छ हव्यात म्हणालीस ना, स्वच्छच होत्या.

मला वाटलं, तीन म्हणजे जेवून, झोपून, कॉफी पिऊन तीन. म्हणजे सहा. ही माणसं तीनच्या आधीच दाराबाहेर उभी, घड्याळाकडे बघत. मी आत, कोपरापर्यंत पिठात. बाईंनी पलंगाकडे बोट दाखवून हातांनी विचारलं, हे काय? मी हातांनी सांगितलं, हिवाळ्यातलं सूप. आता हॉलंडभर होईल की ग्रीक लोक सूप पलंगात झोपवतात.

मी त्यांना जमिनीवर गाद्या घातल्या. तुझा बाप बारा वर्षांचा होईपर्यंत दर जुलैला जमिनीवरच झोपायचा, वर ओला त्रखाना चिमटीने चोरून खायचा, म्हणून मारही खायचा. हे जोडपंही झोपलं बिचारं. बाप्या एवढा लांब की पाय दाराबाहेर. सकाळी सहाला मी वर गेले, त्रखाना परतायला नको? दार वाजवलं, आत गेल्यावर. तिसऱ्या दिवशी बाप्याच उठून बसला होता, गोळे चुरत. मी पालक भरलेली पोळी भाजून नेली. त्याचे पैसे देऊ केले गं त्यांनी! पाहुण्याने जेवणाचे पैसे! मला इतका राग आला की चेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्याच दिल्या.

किती तारे देतील ते देतील. मला एवढंच माहीत आहे की पाच रात्री वरच्या खिडकीत दिवा होता आणि मी माझ्या अंथरुणातून तो बघत झोपले. तो डॉक्टरच्या हाती गेला तर मी कुठे तोंड करून झोपू, ते तुझ्या बापाने कागदावर लिहून द्यावं.

तुझी आजी


अथेन्स, ४ ऑगस्ट

ती. आजीस सा. न.

तीन तारे, आजी. तीन. त्यांनी लिहिलंय की इतकं वाईट कुठे झोपलो नाही आणि इतकं चांगलं कुठे जेवलो नाही. पलंगात सूप होतं, आणि यजमानीणबाई सकाळी सहाला येतात, हेही लिहिलंय.

मी बाबांना दाखवणारच नव्हते, पण त्यांनीच फोन हातातून घेतला. तीन तारे बघून म्हणाले, झालं, सुटलो. मग खाली फोटो आला. निळा लोखंडी पलंग, त्यावर त्रखाना, आणि कडेला तो गोळे चुरणारा माणूस. पलंगाच्या दांड्यावर खिळ्याने कोरलेलं बाबांचं नाव दिसत होतं. बाबा फोटो मोठा करून करून बघत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्या पलंगापाशी हा कोण बसलाय?"

जेवले नाहीत. काल बघते तर चौदा ते वीस ऑगस्ट कुणीतरी घर भाड्याने नोंदवलंय. पाहुण्याचं आडनाव आपलंच आहे. मी लगेच होकार पाठवला.

तुझी दनाई


पेत्रोव्रीसी, ९ ऑगस्ट

चि. दनाईस आशीर्वाद.

म्हणजे पानायियाच्या, आपल्या मेरीमातेच्या जत्रेला पाहुणे येणार. आनंद आहे. स्वतःच्या घरी यायला नाव नोंदवणारा माणूस मी एक्क्याऐंशी वर्षांत पाहिला नव्हता. साहेबांना सांग, नियमांचा कागद दारावर लावलाय. वेळ तीन. दूध परत आंबवलंय, दुसरा त्रखाना घातलाय, तिन्ही पलंग भरलेत. आणि किल्ली कुठे असते, ते सांगू नकोस. विचारलं तरी नाही. ठाऊक असेल तर आत येईल, नाहीतर जत्रेत वाजंत्र्यांशेजारी झोपेल.

वाया विचारते, एका उन्हाळ्यात दोन त्रखाने कुणाला? मी म्हटलं, उंदरांना.

तुझी आजी


वरचं घर, १५ ऑगस्ट, सकाळ

ती. आईस, स्ताथिसचा नमस्कार.

तू चर्चला गेली आहेस, म्हणून हे टेबलावर ठेवतो.

काल तीनला आलो, म्हणजे सहाला. किल्ली बाहेरच्या पावाच्या भट्टीत, डावीकडच्या खाचेत होती. हात कोपरापर्यंत काळा झाला, काजळी अजून निघत नाही. त्रखान्याला धक्का लावला नाही. जमिनीवर झोपलो, पाठ मोडली. एका कोपऱ्यातला चिमूटभर कमी दिसेल, तो उंदरांनी खाल्ला.

चार तारे देतो. एक कापला, कारण यजमानीणबाई सकाळी सहाला दार न वाजवता आल्या, मी जागा आहे हे दिसत असूनही माझ्यावर पांघरूण घातलं, आणि त्रखाना परतायला लागल्या. पण चार पुरतात, तसंच ठरलं होतं. लारिसाच्या डॉक्टरांना मी इथे यायला निघण्याआधीच नाही म्हणून कळवलंय.

वर येशील तेव्हा साबण घेऊन ये.

तुझा पाहुणा,
स्ताथिस