परदेशात गेलेले स्वयंपाकघर

मी, एलिफलेट बर्ज, वय एकाहत्तर, जकात खात्याचा निवृत्त निरीक्षक, राहणार नॉर्थ फर्नली, व्हरमाँट, अंथरुणाला खिळलेला पण डोक्याने शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. डोके शाबूत असल्याबद्दल शेजारी झेडॉक पीझलीला शंका आहे. ती त्याला मी नोकरीला लागल्यापासून आहे.

गवताच्या गाड्यांत खुपसून चोरटा माल शोधायची माझी लोखंडी सळई लोहार ओबेद टटलला द्यावी. देश नवा होता, तिजोरी जकातीवरच भरायची, आणि ती माझ्या एकट्याच्या जिवावर भरते आहे असे मी समजत असे. या सळईने मी पुष्कळ गवत आणि एक झोपलेला धर्मोपदेशक शोधून काढला.

दुर्बीण झेडॉकला द्यावी. सरकारने कायद्याने कॅनडाशी व्यापार बंद केला त्या वर्षी त्याने सीमेलगतच्या उतारावर खोपटे बांधून ते पिठाच्या पिंपांनी भरले. मी दुर्बीण लावून पहाऱ्याला बसलो. त्याने पायाचा एक दगड काढला. खोपटे कोसळले आणि पिंपे गडगडत सीमेपलीकडे गेली.

"साहेब, मी कुठं नेली? आपली आपण गेली की!" तो म्हणाला. पिंपांना अटक करण्याचे कलम कायद्यात नव्हते. गाव हसले, आणि मी तो राग सांभाळून ठेवला.

पुढे त्याचा मुलगा ॲसा माझ्या टर्झाला मागणी घालायला आला. मी भर प्रार्थनेत बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, की या देशात माझ्या छपराखाली पीझली माझा जावई होणार नाही. पोरगी पळून गेली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण आई नसलेल्या घरात बापाला एकटे टाकवेना, म्हणून ती थांबली. ॲसाही थांबला. त्या दोघांसाठी शपथ मोडावी असे मला कितीदा वाटले. पण शपथ मोडणारा जकातदार कोणी ठेवून घेतला असता?

गेल्या शरद ऋतूत नव्या कराराप्रमाणे सीमा मोजायला माणसे आली. माझ्या शेतातला सीमेचा दगड मुळातच चुकीच्या जागी होता. खरी रेषा माझ्या घरातून जाते: निजायची खोली व्हरमाँटात, स्वयंपाकघर कॅनडात. म्हणजे तीस वर्षे मी रोज सकाळी परदेशी चहा जकात न भरता बिछान्यावर आणून पीत होतो. झेडॉक मुद्दाम भेटायला आला. "साहेब, एवढा मोठा चोरटा धंदा मला नाही हो जमला कधी!"

टर्झा कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमची शपथ या देशापुरतीच होती ना?"

सासरची अक्कल पोरीला लग्नाआधीच आली. मला हरायला इतके कधी आवडले नव्हते.

म्हणून घर, दोन्ही देशांतले, टर्झाला दिले. लग्न येत्या गुरुवारी स्वयंपाकघरात लागेल. माझी खाट उचलून चुलीपाशी न्यावी. टर्झाचा हात मला स्वतः ॲसाच्या हातात द्यायचा आहे. उंबरठ्यावरच माझा जीव गेला, तर मी कोणत्या देशात मेलो यावर कोणी वाद घालू नये. आधी लग्न लावावे. मला नंतर पुरावे.

साक्षीदार: हल्दा मॅच, सुईण, आणि सायलस व्हीलॉक, गिरणीवाला. दोघांनाही या मृत्युपत्रात काही दिलेले नाही, याबद्दल ते मनातून नाराज आहेत.

नॉर्थ फर्नली, ९ एप्रिल १८४४
(सही) एलिफलेट बर्ज