सुशांतने विचारलं होतं

सोमवार, ९ मार्च

दोन पेशंटची एक फाईल झाली. लालबागच्या ज्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते, तिथे. दोघेही गणपत राणे, एकाच चाळीतले, एकाच खोलीतले. एकाच्या साखरेचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर चढला, त्याला गोळी वाढवून दिली आणि शनिवारी तो दूध घ्यायला गेला तिथेच चक्कर येऊन पडला. आता बरा आहे. बरा आहे, बरा आहे — दिवसभर हेच घोकतेय.

आमच्या मॅनेजरने, राजसने, केबिनमध्ये बोलावलं. "उर्वी, कोड कोणाचा?" सुशांतचा. ऑक्टोबरात लागलेला, अजून प्रोबेशनवर. आम्हा नऊ जणांत सगळ्यात लहान. तो कोड तपासून पास कोणी केला, हे राजसने विचारलं नाही. टीमची लीड मी आहे. मीही सांगितलं नाही.

मंगळवार, १० मार्च

इथे तरी खरं लिहावं. मी तो कोड वाचलाच नव्हता.

पूर्वी आठवड्याला कोडमधले दहा-बारा बदल माझ्याकडे तपासायला यायचे. एकेक ओळ वाचून मी पोरांना पिडायचे. आता पोरं एआयला सांगतात, तो चुटकीसरशी लिहून देतो, आणि माझ्यापुढे आठवड्याला शंभर बदल. राजसचा नियम — तासाभरात तपासून झालंच पाहिजे, नाहीतर भिंतीवरच्या स्क्रीनवर माझं नाव लाल रंगात. तीनदा झालं. सगळ्या मजल्याने बघितलं. मग नोव्हेंबरात मी गुपचूप तपासायचं कामही एआयलाच लावून दिलं. तोच वाचतो, तोच माझ्या नावाने उत्तर देतो. चार महिने! लिहिणाराही तोच, तपासणाराही तोच, आणि लीड म्हणून मिरवायचं मी.

गुरुवार, १२ मार्च

राजस म्हणाला, "वीस तारखेपर्यंत सुशांतची नोट दे. प्रोबेशन समाधानकारक नाही. दोन ओळी पुरेत. क्लायंटला दाखवायला एक नाव लागतं गं." वर आणखी — "तसंही फ्रेशर्सना द्यायला आता काम उरलंय कुठे?"

जागेवर येऊन जुन्या नोंदी उघडल्या. नसत्या उघडल्या तर बरं झालं असतं. ३ फेब्रुवारी. सुशांतने लिहिलंय:

"मॅडम, नाव, पत्ता, फोन जुळला की एआय दोन पेशंट एक करतोय. पण लालबाग-परळला गावकीच्या खोल्या आहेत. गावाहून आलेले वीस-पंचवीस जण एकाच खोलीत राहतात, तोच पत्ता देतात. फोन मंडळाच्या सेक्रेटरीचा. आडनाव एक, बऱ्याचदा नावंही तीच. आमच्याच गावच्या खोलीत तीन गणपत आहेत. जन्मतारीख बघितल्याशिवाय एकत्र करू नये असं मला वाटतं. काय करू?"

खाली माझं नाव. "छान काम, सुशांत! सगळं व्यवस्थित आहे. पुढे जा."

प्रश्न आल्यापासून चाळीस सेकंदांत उत्तर.

आम्ही पिढ्यानपिढ्या शहरातलेच, फणसवाडीचे, आम्हाला गावच नाही. त्याने लिहिलेलं मला जन्मात सुचलं नसतं. त्याला सुचलं, त्याने विचारलं, आणि मी तिथे नव्हते.

शुक्रवार, १३ मार्च

ती नोंद पुसायचा अधिकार फक्त मला आहे. दोन क्लिक. आज एक केला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

सोमवार, १६ मार्च

कॅन्टीनमध्ये सुशांत स्वतःहून समोर येऊन बसला. डोळे सुजलेले. म्हणाला, "मॅडम, चूक माझीच ओ. मी परत विचारायला पायजे होतं. पण तुम्ही ओके केलंत ना, तर मला वाटलं, मॅडमनी बघितलंय म्हणजे मीच उगाच लोड घेतोय." मग चमचा फिरवत म्हणाला, "तुमचा तो रिप्लाय मी आईला दाखवलेला. पहिलीच शाबासकी होती ना."

मी काय म्हणाले? "चहा घे, थंड होतोय."

लाज वाटते माझी.

गुरुवार, १९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि देवदत्तला सगळं सांगून टाकलं. नवऱ्याने वाटी पुन्हा माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "त्या मुलाला दुसरी नोकरी लागेल गं. तुला आता चाळिशीत कोण घेणार?" माझ्या काळजीपोटीच बोलला. तरी त्याच्यावर खेकसले. कारण आठवडाभर मी मनात नेमकं हेच म्हणत होते.

शुक्रवार, २० मार्च

नोट दिली नाही. सुशांतचा प्रश्न आणि माझ्या नावाचं उत्तर, दोन्ही राजससमोर ठेवलं. सगळं सांगितलं. न विचारताच खुर्ची ओढून बसले.

तो ओरडला नाही. "एकूण किती बदल गेले असे?" सोळाशेच्या वर. "त्यातले तू वाचलेले?" एकही नाही. "आणि एवढी मोठी चूक?" ही एकच. त्याने काहीतरी लिहून घेतलं. म्हणाला, "थँक्स. सांगितलंस ते बरं केलंस. सुशांतला काढायचं पत्र थांबवतो."

येताना दादरला थांबून मोगरा घेतला. किती दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवार, २३ मार्च

"सोळाशे बदल, एकाही माणसाने वाचले नाहीत, चूक एक." माझाच हिशेब राजसने सकाळी वरच्या साहेबांना दाखवला. दुपारी आठ पत्रं निघाली, पहिलं माझं. सुशांतला ठेवलंय. आता तपासायचं सगळं तो एकटा बघणार. वेळ तोच, एक तास.

मी सामान भरत होते तेव्हा जवळ येऊन उभा राहिला. "मॅडम, आता मला काही अडलं तर कोणाला विचारू?"